काळी पाच

मास्तर, तुमचं तबकड्या वाजवायचं मशीन माझ्याकडे आलं आहे. डिचोलीला आमच्या चष्म्याच्या दुकानामागे एक खोली आहे, तिथे खिडकीखालच्या मेजावर ते ठेवलं आहे, आणि दुपारी दुकानाचं शटर खाली ओढलं की मी त्याच्यासमोर जाऊन बसते. तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. तुमच्या बाराव्याला मी पेडण्याला आले होते, रडले होते, आणि काकींचा हात हातात घेऊन म्हणाले होते की माझ्या कानाला जे काही कळतं ते मास्तरांमुळे. ते वाक्य मला आता परत घ्यायचं आहे. ते कुणाकडे जाऊन परत घेतात हे माहीत नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

काकींचा फोन आला तेव्हा मी एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत होते. "घर रंगवतंत गो," त्या म्हणाल्या. "आमचो झिल म्हणता खोल्ये भाड्यान देवया, विमानतळावरची माणसां येतली. ह्यां मशीन तुकाच देवचां म्हणान तेनी सांगान ठेवललां. येवन व्हर." तुम्ही ते माझ्याच नावाने सांगून ठेवलं होतं. तुमच्याकडे इतक्या मुली शिकून गेल्या, त्यांतल्या काही अजून गातात, शाळांतून शिकवतात, एकीचं नाव तर वर्तमानपत्रात येतं. आणि मशीन मला, जिने गाणं सोडून अर्ध्याहून जास्त आयुष्य झालं तिला. पेडण्याहून म्हापसा आणि म्हापशाहून डिचोली, दोन्ही बसमध्ये मी ते चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसले होते. कंडक्टर म्हणाला, मागे ठेव गो बाय, पाय मोडतील. मी ठेवलं नाही.

बेल्ट विरघळून डांबरासारखा झाला होता आणि सुई गेली होती. म्हापशाला जुन्या तबकड्या विकणारा एक माणूस आहे, त्याने दोन्ही मिळवून दिलं. वर कागदाची एक गोल चकती फुकट दिली, तिच्यावर काळ्या रेघांची वर्तुळं. "नवो बेल्ट घातलो म्हणल्यार स्पीड चेक करचोच पडटा," तो म्हणाला. ही चकती फिरत्या तबकावर ठेवून ट्यूबलाइटच्या उजेडात बघायची. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात, जास्त असेल तर पुढे पळतात. मी चकती पर्समध्ये टाकली आणि मनात म्हटलं, मास्तरांच्या मशीनला हे लागणार नाही.

बाकी सगळं मी तुम्ही शिकवलं तसंच केलं. आधी वाटीत पाणी घेऊन ती मशीनच्या कडेवर ठेवली. "मशीनकडे नाही, पाण्याकडे बघ," तुम्ही म्हणायचात, आणि मी पेडण्याच्या त्या बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर बसून पाण्याची कड न्याहाळायची. कुठे झुकलं आहे ते बघून तुम्ही पायाखाली पोस्टकार्डाची घडी सरकवायचात. इथे मी लेन्सच्या डबीचं पुठ्ठं सरकवलं. मग सुईची डबी बसवली. तिचे स्क्रू आमच्या चष्म्याच्या काडीतल्या स्क्रूएवढेच, त्यामुळे माझ्या हाताला ते नवीन नव्हते. मग दांडीच्या मागचं वजन फिरवत नेलं, दांडी हवेत आडवी तरंगेपर्यंत. हे काम करताना तुम्ही श्वास रोखून धरायचात आणि आम्हालाही रोखायला लावायचात. तरंगली की वजनाची कडी किंचित पुढे, सुईवर लागेल तेवढाच भार. शेवटी दोऱ्याला टांगलेली ती इवलीशी गोळी, जी दांडीला तबकडीच्या मध्याकडे ओढलं जाण्यापासून धरून ठेवते. मुलींमध्ये फक्त मला हे सगळं करू द्यायचात. तुमच्या तारवटी भावाने बोटीवरच्या नोकरीतून आणलेलं ते मशीन, त्याला दुसऱ्या कुणी बोट लावलं तर तुमचा आवाज चढायचा, आणि मी मात्र दर रविवारी गाणं सुरू व्हायच्या आधी ते जुळवून ठेवायची. त्या वयात मला एवढा मान दुसऱ्या कुणी दिला नव्हता.

फक्त तबक उचलायचं नाही. एकदा मी पुसायला म्हणून ते दोन्ही हातांनी वर घेतलं आणि तुम्ही माझ्या मनगटावर अशी चापट मारलीत की तबक परत आदळलं. "वरचं तुझं, खालचं माझं," तुम्ही म्हणालात. मी आठवडाभर रुसले होते. मग तुम्हीच येऊन माझ्या हातात मखमलीचं फडकं दिलंत आणि म्हणालात, आजपासून तबकडी पुसायची ती तूच. मी विरघळले. मला वाटलं मोटर नाजूक असते, विजेचा धोका असतो, मास्तरांना माझी काळजी आहे.

पंधरा दिवसांपूर्वी मी बाईंची तबकडी लावली. ज्या गायिकेच्या तबकड्या लावून तुम्ही आम्हाला शिकवायचात त्यांना आपण कधी नावाने हाक मारलीच नाही, बाई म्हटलं की त्याच. सुई टेकली, खरखर झाली, आणि त्या गायल्या. मास्तर, काय सांगू, गाणं सोडल्यापासून बाई कुठे कानावर आल्या की मी उठून जायची. रेडिओ बंद करायची, कुणाकडे लग्नात लागल्या तर बाहेर मांडवात जाऊन उभी राहायची. आणि त्या दिवशी मी बसून ऐकलं. तोच टोकदार, उंच, चमकता आवाज, तुमच्या खोलीत भिंतींना लागून यायचा तसाच. मला सगळं माफ झालं, माझा गळा, तो फोंड्याचा दिवस, सगळंच. तेवढ्या समाधानात मी ती कागदाची चकती काढली, निव्वळ त्या म्हापशाच्या माणसाचा शब्द ठेवायला. रेघा पळत होत्या. थोड्याथोडक्या नाही, मागे कुत्रं लागल्यासारख्या पळत होत्या.

आधी वाटलं बेल्ट चुकीचा. मग वाटलं वीज जास्त येते आहे. मग फोनमधला तानपुरा लावून बाईंचा सा शोधला, तर तो काळी पाच, पेटीवरची पाचवी काळी. आपली पट्टी. तुमच्याकडे प्रत्येक मुलगी ज्या पट्टीत गायची ती. मग त्याच फोनवर तेच गाणं दुसरीकडून काढून ऐकलं, एक नाही, मिळतील तेवढी. सगळीकडे बाई काळी चारमध्ये गात होत्या, पेटीवर मधली पांढरी धरून दोन सूर खाली, आणि सावकाश. तेव्हा मी तबक उचललं. हात आपोआप थांबला होता क्षणभर, हेही सांगून टाकते.

मोटरच्या ज्या पुलीवर बेल्ट बसतो, त्या पुलीभोवती जखमेवर लावायचं कापडी प्लास्टर गुंडाळलेलं होतं. पुली जाड झाली की तबक जोरात फिरतं, हे मला कुणी समजावायला नको. नवा बेल्ट तबक न उचलता कडेच्या फटीतून चढवताना ते मला ओझरतं दिसलं होतं. पितळ काळं पडलं असेल समजून मी पुढे गेले होते. आता नखाने खरवडलं तर कड सुटली. प्लास्टरचे कोपरे गोल कापलेले होते. तुमच्या पायपेटीच्या भात्याला तुम्ही जी ठिगळं लावायचात त्यांचे कोपरे असेच असायचे, गोल कापलं की उचकटत नाही म्हणून, आणि ती ठिगळं कापून द्यायला मीच कात्री धरायची. त्यामुळे भावाने केलं असेल, आधीच्या मालकाने केलं असेल, ही पळवाटसुद्धा मला मिळाली नाही.

मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. तेव्हा मी नववीत असेन. घरी रेडिओवर बाई लागल्या आणि मी धावत तुमच्याकडे आले की मास्तर, बाई खाली गात होत्या, आणि त्या गाण्यात मला श्वास पुरत होता. तुम्ही पेटीवरून हात उचलला नाहीत. "वीज कमी असली की रेडिओवर आवाज उतरतो," तुम्ही म्हणालात. "ऐकायचं ते इथं." आणि मला पटलं. आमच्याकडे वीज कमी असायचीच, दिवा पिवळा व्हायचा, पंखा थकायचा, मग आवाज का नाही उतरणार? दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे मैत्रिणींना शहाणपणाने सांगितलंसुद्धा. पुढे एकदा मी घाबरत म्हटलं, थोडं खाली घेऊ का, गळा दुखतो. तेव्हा तुमचं उत्तर तयार होतं. "बाई ह्या पट्टीत गातात. खाली घेतलंस तर ते बाईंचं गाणं राहत नाही, मग ते घरकाम करताना म्हण."

फोंड्याच्या स्पर्धेत काय झालं ते तुम्ही पहिल्या रांगेतून बघितलंत. अंतऱ्यात वरच्या सा वर जायचं होतं आणि तिथे माझ्याकडे आवाजच नव्हता, नुसता वारा आला. मी पुन्हा घेतलं, पुन्हा वारा. लोक हसले नाहीत, ते जास्त वाईट होतं. पणजीच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून सांगितलं की गाठी आहेत, ताणून ताणून झालेल्या, आणि मला गप्प राहायला लावलं. त्या मुक्या दिवसांत मी आईबरोबर तुमच्याकडे आले. पाटीवर लिहून विचारलं, परत कधी सुरू करू? तुम्ही पाटी वाचलीत, पुसलीत, आणि आईकडे बघून म्हणालात, "गळा देवानं द्यायचा असतो. हिच्या वाट्याला एवढाच आला." आई परतीच्या बसमध्ये रडली. मी रडले नाही, कारण मला ते खरं वाटलं. खऱ्या गोष्टीवर काय रडायचं? मी मुकाट्याने डिप्लोमा केला, लग्न केलं, सावंतवाडीकडचा हा भला माणूस मिळाला, आम्ही दुकान काढलं. घरात मी गुणगुणतसुद्धा नाही. ह्यांना बिचाऱ्यांना वाटतं मला गाण्याचा कंटाळा आहे.

मागच्या रविवारी मी पेडण्याला जाऊन काकींना प्लास्टर दाखवलं. सुटलेली कड कापून डबीत घालून नेली होती. काकींची नजर आता अधू आहे, पण त्यांनी बोटांनी चाचपलं आणि लगेच ओळखलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही, ह्याचंच मला जास्त आश्चर्य वाटलं.

"तेंका एकाच पट्टीत वाजवूक येय," त्या म्हणाल्या. "नाटकमंडळीत ती नायकीण काळी पाचात गाय, थंयच तेंचो हात बसललो. दुसरी पट्टी इली की बोटां अडकत. लग्न जावन इलंय तेवापासून माका ठाऊक."

"आणि मशीन?"

"मशीन तेनी आपल्या हाताक जुळवन घेतल्यांनी."

"मशीनऐवजी पेटीच का नाही खाली जुळवली, काकी? पोरींना झेपलं असतं."

"पेटी खाली करूक आतले सूर घासूक जाय, ते परत येयनत. मशीन वयर करूक प्लास्टर पुरता." त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "तुझ्या गळ्याचा आयकल्यांनी तेवा दोन दीस जेवूक नाय ते. माका म्हणाले, काढून उडयतंय. पण मगे बाकीच्या पोरींक काय सांगतले?"

मी उठले. चहा तसाच राहिला. दोन दिवस जेवला नाहीत म्हणे. मास्तर, तुमच्या दोन दिवसांच्या उपासाचं मी काय करू? घरातल्या माणसाला माहीत होतं, मंडळीतल्या लोकांनाही असणार, तुमच्याबरोबर तबल्याला बसणाऱ्याला तर असणारच. माहीत नव्हतं ते आम्हा पोरींना. पट्ट्या बदलायला शिकणं एवढं कठीण होतं का? रोज सकाळी तास दोन तास बसला असतात तर वर्षभरात हात फिरला असता. निदान म्हणायचं होतंत की पोरींनो, मला ह्याच पट्टीत वाजवता येतं, चालवून घ्या. आम्ही चालवून घेतलं असतं. तुमच्यासाठी आम्ही काय नाही केलं? पण तुम्हाला मास्तरही राहायचं होतं आणि हातही हलवायचा नव्हता, आणि त्या दोन्हींच्या मधे माझा गळा सापडला.

ह्यांना मी सगळं सांगितलं. हे म्हणाले, "गेलेल्या माणसावर किती रागावशील?" मी म्हटलं, जिवंत असताना कळलं असतं तर जिवंत माणसावर रागावले असते.

आणि तुम्ही जिवंत असताना आला होतात. हेच मला गिळवत नाही. शेवटच्या वर्षांत कधीतरी तुम्ही आमच्या दुकानात आलात, मुलाने गाडीतून सोडलं होतं. ह्यांनी नंबर काढला आणि फ्रेम मी बसवली. तुमच्या कानामागे काडी टोचत होती म्हणून मी ती गरम करून वाकवली, परत लावली, परत काढली. माझे हात तुमच्या चेहऱ्यावर होते. तुम्ही विचारलंत, "गातेस का गो आता?" मी हसून म्हटलं, "नाही मास्तर, गळाच नाही ना." वर तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून म्हटलं, "तुम्ही शिकवण्यात कमी केलं नाहीत, माझ्याकडेच नव्हतं." आणि तुम्ही मान हलवलीत. हो म्हणून. नव्या चष्म्यातून माझ्याकडे स्पष्ट बघत होतात. तिथे दुसरं कुणी नव्हतं, बाकीच्या पोरींना काय सांगायचं हा प्रश्न नव्हता, तुमचं शिकवणं बंद होऊन किती काळ लोटला होता. एक वाक्य पुरलं असतं. पहिल्या वेळी खोटं बोललात ते भीतीने असेल, मी समजू शकते. त्या दिवशीची मान मी समजू शकत नाही.

मशीन मला द्यायला सांगून ठेवलंत ते कशासाठी? मी जुळवायला घेणार आणि कधीतरी तबक उचलणार हे तुम्हाला कळत होतं, एवढं तरी मी तुम्हाला ओळखते. ती कबुली असेल तर फार सोयीची कबुली होती. स्वतः पडद्याआड गेल्यावर, माझ्याच हातांनी माझ्याकडून काढून घ्यायची. आणि कबुली नसेल, तुम्ही खरंच ते विसरला असाल आणि मशीन नुसतं प्रेमाने दिलं असेल, तर मग तुम्हाला लक्षातसुद्धा ठेवावंसं वाटलं नाही. ह्या दोहोंतलं कुठलं मला बरं वाटेल हे मी ठरवू शकलेले नाही.

काल उरलेलं प्लास्टरही सोलून काढलं, पुली स्पिरिटने पुसली, बेल्ट चढवला. चकतीवरच्या रेघा उभ्या राहिल्या, ढिम्म. तबकडी लावली. बाई काळी चारमध्ये आल्या, भरून, सावकाश, जागोजागी श्वास घेत. मी दार लावून घेतलं आणि त्यांच्याबरोबर गायले. गळा गंजला आहे, खर्ज तर नाहीच, पण अंतऱ्यात वरचा सा आला मास्तर. लागला, आणि थांबला. वारा नव्हता, आवाज होता. दुसऱ्यांदा घेतला, तरी होता. मग मला जे रडू आलं ते त्या वयातलं राहिलेलं असावं. देवाने माझ्या वाट्याला पुरेसा दिला होता. तो माझ्याकडे होता आणि मी इतकी वर्षं चष्मे विकताना तोंड मिटून बसले.

मशीन आणायला गेले तेव्हा काकींच्या नंबराचा कागद घेऊन आले होते; त्यांचा नवा चष्मा तयार झाला आहे, तो द्यायला मी पुन्हा पेडण्याला जाणार आहे. वाटलं होतं की हे पत्रही तुमच्या फोटोमागे ठेवून यावं. पण काकी नव्या चष्म्याने पहिलं काय वाचणार तर हे, म्हणून राहू दे. त्यांच्याशी माझं भांडण असलं तरी ते ह्या पत्रातलं नाही.

आणि तुम्हाला सुद्धा कळवलं नसतं अशी एक गोष्ट राहिली. आज दुपारी मी परत बसले, गायला नाही, नुसतं ऐकायला, आणि खऱ्या वेगातल्या बाई मला आवडल्या नाहीत. त्या थोर आहेत, मला दिसतं आहे, पण त्या कुणीतरी परक्या बाई आहेत. मी जिच्यावर जीव टाकला ती बाई कधी कुठे गायलीच नव्हती, ती फक्त तुमच्या खोलीत होती. अर्धा तास मी तशीच बसून राहिले. मग दुकानात गेले, काउंटरच्या खणातून प्लास्टर काढलं, पुलीच्या मापाने कापलं, आणि कोपरे गोल केले.